स्वयंसेवक परत गेल्यावर



गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एका शाळेच्या विज्ञान मंडळात माझे व्याख्यान होते. विषय साधाच होता, ‘मापन आणि मापनातील चुका’. व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरे सुरू झाली. व्हर्नियरचा लघुतम अंक कसा काढायचा, एकच लांबी पाच वेळा का मोजायची, असे दोन-चार प्रश्न झाले. मग मागच्या बाकावरची नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, जगातली गरिबी घालवण्यासाठी आम्ही मुलांनी काय करायचं?”

वर्गात हशा पिकला. बाई म्हणाल्या, “अगं, विषयाला धरून विचार.” त्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांनी समाजसेवेची प्रतिज्ञा घेतली होती, हे मला मागाहून कळले. प्रतिज्ञा घेतली, आता पुढे काय, एवढेच तिला विचारायचे होते. मी काय उत्तर दिले ते सांगायला लाज वाटते. “खूप अभ्यास करा, मोठे व्हा, मग बघू,” असे काहीतरी बोललो. उत्तर ठाऊक नसले की मोठी माणसे हेच बोलतात. परतीच्या एस. टी.त बसलो आणि लक्षात आले की तिचा प्रश्न विषयाला सोडून मुळीच नव्हता. तो मापनाचाच प्रश्न होता. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. दिवसाला ३ डॉलरपेक्षा कमी खर्चात ज्याला राहावे लागते तो अत्यंत गरीब, अशी रेषा जागतिक बँकेने २०२५ साली धरली. (हे डॉलर खरेदीशक्तीच्या हिशेबाने धरलेले असतात, बँकेतल्या दराने त्यांचे रुपये करू नका.) या रेषेखाली जगात सुमारे ८० कोटी माणसे आहेत, म्हणजे दर दहांत एक. अशी गरिबी २०३० पर्यंत संपवायची, असा ठराव २०१५ साली संयुक्त राष्ट्रांत झाला. मुदत जवळ येऊन ठेपली आहे आणि काम पुष्कळ उरले आहे. तेव्हा ‘तरुण स्वयंसेवकांनी पुढे यावे’ अशी हाक अधूनमधून ऐकू येते. व्यासपीठावरून ती द्यायला सोपी आहे. मीही दिली आहे.

मी सहा वर्षे आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली ही योजना तुमच्यापैकी अनेकांना दोन-तीन वर्षांत भेटेलच. तिचे सात दिवसांचे शिबिर असते. एका वर्षी आम्ही एका गावात शोषखड्डे खणले. मुलांनी जीव तोडून काम केले, हाताला फोड आले, पण कुणी कुरकुरले नाही. मी अहवालात खड्ड्यांची संख्या लिहिली आणि छायाचित्रे जोडली. पुढल्या वर्षी काही कामासाठी त्याच गावावरून जाणे झाले. जवळजवळ सगळे खड्डे तुंबून वर पाणी साचले होते. पारावरचे एक म्हातारबुवा मला ओळखून म्हणाले, “मास्तर, खड्डे तुमचे, डास आमचे!”

चूक कुणाची होती? माझी. शोषखड्ड्यात खाली मोठे दगड, वर लहान दगड आणि सर्वांत वर भोके पाडलेले मडके ठेवतात. मडक्यात काथ्या किंवा गवत घालतात, म्हणजे खरकटे आणि गाळ तिथेच अडकतो. ते गवत थोड्या थोड्या दिवसांनी बदलावे लागते. आम्ही मडकी बसवली, पण गवत का आणि केव्हा बदलायचे हे घरातल्या बाईला सांगितलेच नाही. पुन्हा जाऊन पाहिले तर त्याहून नाही. पदार्थविज्ञानात कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. भिंतीला दिवसभर रेटा दिला, घामाच्या धारा लागल्या, पण भिंत हलली नाही, तर भिंतीवर झालेले कार्य शून्य. मी वर्षानुवर्षे हे फळ्यावर लिहीत आलो आणि अहवालात मात्र घाम मोजत राहिलो.

आता बल आणि विस्थापन दोन्ही मोजणाऱ्या माणसांची एक गोष्ट सांगतो. ती बांगलादेशातील आहे.

१९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी म्हणजे कॉलरा पसरला. कॉलऱ्याचा रोगी जंतूंनी मरतो त्याहून अधिक कोरडा पडून मरतो. काही तासांत शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात. शिरेतून सलाईन देणे हा तेव्हाचा उपाय. बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याजवळचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिले आणि पाजत राहायला सांगितले. त्या छावणीत आधी शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते. हे द्रावण मिळालेल्यांपैकी चारांहूनही कमी दगावले.

यात जादू नाही. आपल्या लहान आतड्याच्या पेशींत एक मजेदार दार आहे. त्यातून सोडियम एकटा फारसा आत येत नाही. ग्लुकोज बरोबर असले की दोघे जोडीने आत येतात. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही गोष्ट मांडली. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागोमाग परासरणाने पाणी आत जाते. कॉलऱ्याच्या विषाने आतडे पाणी बाहेर टाकू लागते, परंतु हे जोडीचे दार त्या विषाने बंद होत नाही. नुसते पाणी पाजून किंवा नुसते मीठ घालून काम भागत नाही, ते याच कारणाने. डाक्का येथील प्रयोगशाळेत १९६८ साली डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी असे द्रावण तोंडाने देऊन रोगी सावरतात हे दाखवले होतेच. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिले की हा कदाचित या शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल.

शोध लागला, पण तो झोपडीपर्यंत कसा जाणार? पावसाळ्यात बेटासारखी होणारी गावे, जवळ दवाखाना नाही, ग्लुकोजची पुडी नाही, तराजू नाही, आणि आईला वाचता येत नाही.

इथे ‘ब्रॅक’ ही संस्था येते. फजले हसन आबेद हे तेल कंपनीत चांगल्या हुद्द्यावर काम करणारे हिशेबनीस गृहस्थ. युद्धानंतर त्यांनी लंडनमधील आपले राहते घर विकले आणि १९७२ साली सुल्ला या भागात तरुण कार्यकर्त्यांना घेऊन काम सुरू केले. पहिल्या वर्षांत त्यांनाही ठेचा लागल्या. प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले, ते ओस पडले, कारण धड्यांचा लोकांच्या जगण्याशी संबंध नव्हता. त्यांनी धडे नव्याने लिहिले. चुकलो हे कळायला त्यांना वेळ लागला नाही, कारण ते हजेरी मोजत होते.

१९७९ साली त्यांनी सुल्ला भागात अतिसारावरचा प्रयोग सुरू केला. सहाशेच्या आसपास गावे आणि साठ हजारांच्या आसपास स्त्रिया. एका पथकात चौदा तरुण मुली, एक स्वयंपाकी आणि एक पुरुष पर्यवेक्षक. मुलींनी घर सोडून गावोगाव पायी हिंडायचे, ही त्या काळी तिथे साधी गोष्ट नव्हती. या मुली डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या, शिक्षण बेताचेच. घरी जाऊन एकेका बाईसमोर बसायचे आणि शिकवायचे: तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबायलाच हवे. चिमूट हे काय माप झाले? माझी चिमूट आणि तुमची चिमूट सारखी असते काय? ही शंका रास्त आहे आणि ती या लोकांनाही आली. मीठ फार झाले तर बाळाच्या रक्तातील सोडियम वाढून ते धोक्यात येते. गूळ फार झाला तर परासरण उलटे होऊन आतड्यातच पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी महागात पडणारी. त्यांनी काय केले, तर आयांनी स्वतःच्या हाताने केलेल्या द्रावणाचे नमुने घेतले आणि प्रयोगशाळेत तपासले. पाण्याचे माप चुकू नये म्हणून घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण केली. चिमटीचे माप काही तराजूचे नव्हे. पण त्यातील चूक किती आणि ती जीवघेणी आहे की चालणारी, हे मोजून मगच ते माप पक्के केले. मी फळ्यावर शिकवतो ते ‘त्रुटीचे विश्लेषण’ म्हणजे याहून वेगळे काही नाही. माझी चूक फार तर एका गुणाची असते, त्यांची एका बाळाची होती.

एक गोष्ट कार्यकर्त्या मुलींच्या लवकरच लक्षात आली. आपण करून दाखवले की बाई मान हलवते आणि विसरते. तिच्याच घरात, तिच्याच मडक्यातल्या पाण्याने, तिच्याच हाताने करून घेतले की विसरत नाही.

मग तपासणी. शिकवून झाल्यावर महिन्याभराने दुसरीच माणसे त्या गावात जात. काही घरे यदृच्छेने निवडत, आणि बाईला काय आठवते ते विचारत. द्रावण करून दाखवायला सांगत. शिकवणारीचे वेतन या उत्तरांवर ठरे! शिकवलेल्या आयांना जितके अधिक आठवेल, तितके तिला अधिक पैसे. किती घरे हिंडली यावर नव्हे.

तुम्ही म्हणाल, वेतन घेत होत्या म्हणजे त्या स्वयंसेवक कशा? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटत नाही. फुकट काम करतो तो स्वयंसेवक, अशी व्याख्या धरली तर आमच्या शिबिरातील मीच थोर ठरेन. गरीब घरातल्या मुलीने पोटाला न खाता हिंडावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. तिचे काम तपासले जाते का, हा प्रश्न मी आधी विचारीन.

तपासणीचा उपयोग पुढे झाला. आयांना कृती पाठ होती, गुण उत्तम मिळत होते. पण घरात बाळाला जुलाब झाले असता प्रत्यक्षात द्रावण फार थोड्या घरांत दिले जात होते. माझ्यासारखा कुणी असता तर ‘बाया आडमुठ्या आहेत’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. या लोकांनी कारण शोधले. तेव्हा असे दिसले की शिकवणाऱ्या काही कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता; आपल्या घरी त्या औषधाच्या गोळ्याच देत. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेच नव्हते, आणि डॉक्टरकडे जायचे की नाही हे ठरवत होते तेच. मग कार्यकर्त्यांना बोलावून हे द्रावण शरीरात काय करते ते नीट समजावून दिले. शिकवताना स्वतः एक घोट प्यायचा, असा पायंडा पडला. पुरुषांच्या बैठका घेतल्या. तेव्हा वापर वाढला.

१९८० ते १९९० या दहा वर्षांत हे काम १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत पोचले. जरा ढोबळ गणित करून पाहा. एका पथकाने दिवसाला शंभर घरे केली आणि वर्षातले अडीचशे दिवस काम केले, असे धरू. म्हणजे वर्षाला २५ हजार घरे. १ कोटी २० लाखांना त्याने भागा: ४८० येतात. म्हणजे दहा वर्षांत हे काम करायचे तर सुमारे पन्नास पथके पुरतात. हा आपला अंदाज आहे, त्यांचा हिशेब नव्हे. पण जे अशक्य वाटते ते भागाकार केल्यावर कसे दिसते पाहा. १९८० च्या सुमारास बांगलादेशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे २०० पाच वर्षांची होण्याआधी मरत. आज हा आकडा ३० च्या आसपास आहे. याचे सारे श्रेय मीठ-गुळाला देता येणार नाही. लसीकरण, मुलींचे शिक्षण, अन्नपुरवठा अशी अनेक कारणे आहेत. परंतु त्या देशात आज जुलाब झालेल्या मुलाला क्षारसंजीवनी देणे ही जवळजवळ घराघरांतली रीत झाली आहे, आणि ती रीत कशी पडली ते आपण पाहिले.

गरिबीशी याचा काय संबंध, असे विचाराल. ज्या घरात दोन वेळचे जेमतेम भागते, तिथे एका आजारपणात शेळी विकली जाते, भांडी सावकाराकडे जातात आणि कर्ज पाच वर्षे फिटत नाही. गरिबी म्हणजे केवळ पैसा कमी असणे नव्हे. एका धक्क्याने खाली जाऊन पुन्हा वर न येणे, हीही गरिबीच.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, “सर, त्या मोठ्या मुली होत्या. आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे. आम्हांला कोण विचारतो?” तर तुमच्याच वयाची एक गोष्ट सांगतो.

क्यूबात १९५३ च्या जनगणनेप्रमाणे शंभरांत सुमारे २४ माणसे निरक्षर होती. खेड्यांत चाळिसाहून अधिक. १९६१ या एकाच वर्षात निरक्षरता घालवायची, असे तेथील नव्या सरकारने ठरवले. त्या वर्षी एप्रिलमध्ये वरच्या वर्गांच्या शाळा बंद झाल्या आणि एक लाखाहून अधिक शाळकरी मुले, त्यांत निम्म्याहून जास्त मुली, खेड्यांत गेली. पालकांची संमती लागत असे, आणि मुलींच्या बाबतीत ती मिळवताना घरोघर काय वाद झाले असतील ते तुम्हांला सांगायला नको. आठवडा-दीड आठवड्याचे प्रशिक्षण; मग एक झुला, एक घोंगडी, दोन पुस्तके आणि एक कंदील. दिवसा शेतकऱ्याच्या घरी राहून शेतात काम करायचे, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवायचे.

तो कंदील आपल्या पेट्रोमॅक्सच्या जातीचा. पंपाने दाब दिला की रॉकेल तापलेल्या नळीतून वाफ होऊन येते आणि मँटलवर जळते. मँटल पांढरे लखलखते. साध्या कंदिलात काजळी होऊन पिवळा उजेड पडतो, त्याच्या कितीतरी पट हा उजेड. वीज नसलेल्या घरात रात्री अक्षर दिसायचे तर हे हवेच होते. आणि तरीही काही प्रौढांना अक्षरे दिसेनात! चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होते, जवळचे दिसण्याची मर्यादा पंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडे सरकते. ज्याने जन्मात पुस्तक धरले नाही, त्याला आपली नजर गेली आहे हे कळणार कसे? ‘याच्या डोक्यात शिरत नाही’ असा समज व्हायचा आणि दोष असायचा भिंगाचा. मग हजारो चष्मे वाटावे लागले. नुसता उत्साह पाठवला असता तर हे कळले नसते. कोण किती शिकला याच्या तीन चाचण्या होत्या, म्हणून कुठे काय अडते ते कळले. शेवटची चाचणी म्हणजे एक पत्र लिहिणे. देशाच्या पंतप्रधानाला स्वतःच्या हाताने लिहिलेले. ती पत्रे हॅवानातील संग्रहालयात जपून ठेवली आहेत. वर्षअखेर ७ लाखांवर माणसे साक्षर झाली आणि निरक्षरांचे प्रमाण शंभरांत चारांच्या आत आले.

ही गोष्ट सोज्वळ करून सांगणे बरे नव्हे. त्या पाठ्यपुस्तकात अक्षरांबरोबर सरकारचा प्रचारही होता. देशात सशस्त्र विरोधक होते, आणि या मोहिमेतील काही तरुण शिक्षकांचे खून झाले. त्यांत एक सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलांना असे धोक्यात पाठवावे काय, यावर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु पंधरा वर्षांची मुले शिकवू शकतात काय, याचे उत्तर तिथे मिळाले.

आपल्याकडेही याच सुमारास असे काम झाले होते. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. गाव साक्षर झाले की समारंभ होई. युनेस्कोने १९७२ साली या मोहिमेचा गौरव केला. मला या मोहिमेचा अभिमान आहे. तरी तिच्यानंतर काय झाले तेही सांगतो: साक्षर झालेल्यांपैकी पुष्कळ जण वाचायला काही न मिळाल्याने पुन्हा निरक्षर झाले. समारंभानंतर गावात पुस्तक यायला हवे होते, ते पुरेसे आले नाही. क्यूबात मोहीम संपल्यावर प्रौढांचे पुढचे वर्ग वर्षानुवर्षे चालू राहिले. अक्षर ही तापवलेल्या पाण्यासारखी गोष्ट आहे, आच काढली की निवते.

एक मोठा आक्षेप मला मान्य केलाच पाहिजे. गरिबी स्वयंसेवकांनी हटत नाही. जमीन, मजुरी, शेतमालाचा भाव, दवाखाना आणि शाळा यांनी हटते, आणि ते काम सरकारचे आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे जगली ती सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर, शिबिरांवर नव्हे. सरकारने करायचे काम मुलांच्या प्रतिज्ञेवर ढकलून मोकळे होणे याला माझा विरोध आहे. पण हजेरीपटावर आपल्या नावापुढे किती दिवस मांडले आहेत ते मजूर बाईला वाचता आले, तर रोजगार हमीतून तिला मिळणारा पैसा बदलतो. ते वाचायला शिकवणे तुम्हांला जमेल.

शिक्षक मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. आपण मुलांना वर्षातून एकदा झाडू देतो, फलक देतो, फेरी काढतो, प्रमाणपत्र देतो. मुले आनंदाने येतात आणि विसरतात, कारण आपणच पुन्हा विचारत नाही. माझे मत असे की सेवेच्या कामाचे गुण ते काम झाले त्या दिवशी मुळीच देऊ नयेत. महिन्याने द्यावेत, आणि दुसऱ्या मुलांनी जाऊन पाहिल्यावर द्यावेत. काम लहान असले तरी चालेल. जे घरातल्या माणसाला आपल्यावाचून पुढे करता येईल, तेवढेच काम घ्यावे. आमचे शोषखड्डे या कसोटीला उतरले नव्हते.

हे सारे मी त्या शाळेला पत्राने कळवले. विज्ञान मंडळाच्या बाईंनी मनावर घेतले. नववीच्या मुलांनी आपापल्या आळीत, जिथे लहान मूल आहे अशा घरी, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी शिकवायचे ठरवले: एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा अर्धा सपाट चमचा. आरोग्य केंद्राची पुडी मिळत असेल तर तीच वापरायची. आणि मूल मलूल झाले, पाणी पिईना, किंवा शौचातून रक्त पडले तर थेट डॉक्टरकडे न्यायचे. आधी मुलांनी स्वतः पाणी करून प्यायले. मग घरोघरचे चमचे आणून प्रयोगशाळेच्या तराजूवर त्यांतले मीठ तोलले. एका चमच्यातले मीठ दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरले, तेव्हा वर्गात शांतता पसरली म्हणे! मग प्रत्येक घरचा चमचा तपासून घ्यायचा, असा नियम त्यांनीच केला.

महिन्याने आठवीची मुले तपासायला गेली. त्यांची वही बाईंनी मला पाठवली. निम्म्याहून कमी घरांत सगळे बरोबर आठवत होते. एका घरी आजीने पाण्यात बर्फ आणि लिंबू सरबताची पूड घातली होती, ‘चव येते म्हणून’. एका घरी कृती अचूक होती, पण पाण्याचे माप म्हणून दाखवलेला तांब्या दीड लिटरचा निघाला. या घरापुढे नववीतल्या त्या मुलीच्या अक्षरात शेरा आहे: “माझी चूक. मी तांब्या न मोजता हो म्हटलं होतं. रविवारी परत जाते, मापाचं भांडं घेऊन.”